राघोबादादांचें तारण जवाहीर : साष्टीच्या तहांतील एक मालकीचा वाद

१. प्रस्ताव

ठाणें, साष्टी आणि कल्याण या प्रांताचा इ. स. १७७४ ते १७८२ पर्यंतचा इतिहास आपल्याकडे बहुधा किल्ले आणि तह यांच्या अनुक्रमानें सांगितला जातो. ठाण्याचा किल्ला पडला, सुरतेचा तह झाला, पुरंदरचा तह झाला, कल्याण गेलें, वसई गेली, सालबाईचा तह झाला, साष्टी कायमची गेली; इतकें सांगितलें म्हणजे प्रकरण संपलें असें आपण मानतों. परंतु ज्या तहानें साष्टीच्या दानास लेखी रूप आलें त्याच तहानें आणखी एक वस्तु कंपनीच्या ताब्यांत गेली होती. ती वस्तु म्हणजे रघुनाथराव दादासाहेबांनीं तारण म्हणून ठेविलेलें सहा लक्षांहून अधिक किंमतीचें जवाहीर. साष्टीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. या जवाहिराविषयीं मात्र एखाद्या टीपेपलीकडे कोणी फारसें लिहिलें नाहीं.

हें जवाहीर कोणाचें होतें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. तो तसा नाहीं. पेशव्यांच्या घरांतील संपत्तीपैकीं दौलतीची कोणती व कुटुंबाची कोणती, ही रेषा आपल्या पूर्वजांनीं कोठें आंखली होती किंवा मुळींच आंखली होती कीं नाहीं, याचा निर्णय या एका तारणावरून बराचसा करतां येतो. पुढें १८१८ सालीं, आणि त्यानंतर तंजावर व करवी येथें, हाच प्रश्न परक्या न्यायासनांपुढें गेला व तेथें त्याचें उत्तर आपल्या विरुद्ध पडलें. त्या उत्तराचें बीज सुरतेच्या तहांत कसें आहे हें दाखविणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. पूर्वपीठिका

ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत वध झाला. त्यानंतर रघुनाथरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं खरीं, पण तीं फार दिवस टिकलीं नाहींत. बारभाईंचें कारस्थान उभें राहिलें, ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटीं सवाई माधवराव जन्मले, आणि लौकरच सातारकर महाराजांकडून त्या अर्भकाच्या नांवें वस्त्रें आणविण्यांत आलीं. येथून पुढें दादासाहेब हे पदच्युत पेशवे होत. पदारूढ पेशवे नव्हत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तारणाचा सर्व वाद या एका तारखेभोंवतीं फिरतो.

इकडे मुंबईकर इंग्रजांचा साष्टीवर डोळा फार दिवसांचा होता. मराठ्यांनीं साष्टी व ठाणें १७३७ सालीं आणि वसई १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून घेतलीं तेव्हांपासून मुंबईच्या दारांतील हें बेट आपल्या हातीं असावें असें कंपनीस वाटत होतें. पुण्याच्या गृहकलहाची संधि साधून, आणि पोर्तुगीज आपलें गेलेलें ठाणें परत घेणार अशी आवई उठली आहे हें निमित्त करून, मुंबईकरांनीं डिसेंबर १७७४ मध्यें जनरल गॉर्डन याच्या हाताखालीं फौज ठाण्यावर पाठविली. कमोडोर वॉटसन या वेढ्यांत पडला. ता. २८ डिसेंबर रोजीं इंग्रजांनीं हल्ला करून किल्ला घेतला.

म्हणजे सुरतेचा तह होण्यापूर्वीं दोन महिने ठाणें इंग्रजांच्या हातीं गेलें होतें. तहानें साष्टी मिळाली असें म्हणण्यापेक्षां तलवारीनें घेतलेल्या साष्टीला तहानें कागद मिळाला, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

दादासाहेबांची स्थिति त्या वेळीं अत्यंत हलाखीची होती. आनंदीबाईंस धार येथें ठेवून ते गुजराथेंत उतरले, धारेसच ता. १० जानेवारी १७७५ रोजीं बाजीरावाचा जन्म झाला. फेब्रुवारींत महीच्या कांठीं हरिपंत फडक्यांनीं दादांच्या सैन्याची दाणादाण उडविली. दादा खंबायतेस पळाले, तेथून भावनगरास आणि तेथून समुद्रमार्गें सुरतेस आले. बरोबर फौज नाहीं, रोकड नाहीं. होतें तें अंगावरचें व पेटींतलें जवाहीर. अशा मनुष्यानें ता. ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेस तह केला.

३. तारणाचें कलम

या तहानें दादांनीं साष्टी, वसई आणि मुंबईनजीकचीं बेटें कंपनीस कायमचीं लिहून दिलीं. गुजराथेंतील जंबुसर व ओलपाड हे परगणेही दिले. कंपनीनें फौज द्यावयाची व तिच्या खर्चाबद्दल दादांनीं दरमहा दीड लक्ष रुपये द्यावयाचे ठरलें. त्या रकमेच्या भरपाईसाठीं आमोद, हांसोट वगैरे महालांचा वसूल तात्पुरता लावून दिला. शिवाय आगाऊ रकमेची हमी म्हणून सहा लक्ष रुपये ठेवावयाचे होते. ते रोख नव्हते, म्हणून सहा लक्षांहून अधिक किंमतीचें जवाहीर ठेविलें आणि तें पुढें सोडवून घेण्याचें कबूल केलें.

याप्रमाणें एकाच तहांत तीन प्रकारचे व्यवहार आहेत, व ते एकमेकांपासून वेगळे काढले पाहिजेत. साष्टी व वसई यांचें दान, हा पहिला. आमोद-हांसोटचा वसूल लावून देणें, हा दुसरा. जवाहीर तारण ठेवणें, हा तिसरा. इंग्रजी कारकुनांनीं हे तिन्ही एका बैठकींत लिहिले म्हणून त्यांचें स्वरूप एक होत नाहीं. आपल्या व्यवहारशास्त्रांत या तिहींस तीन निरनिराळीं नांवें आहेत व प्रत्येकाचा नियम निराळा आहे.

४. व्यवहारशास्त्राची दृष्टि

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत गहाणास आधि म्हटलें आहे. आधीचे दोन भेद प्रसिद्ध आहेत. ज्याचें उत्पन्न धनको खातो तो भोग्याधि. जो नुसता जपून ठेवावयाचा तो गोप्याधि. आमोद-हांसोटचा वसूल हा शुद्ध भोग्याधि होय, आणि जवाहीर हा शुद्ध गोप्याधि होय. भोग्याधि कितीही काळ गेला तरी बुडत नाहीं. गोप्याधि मात्र मूळ धन व्याजासह दुप्पट होईपर्यंत सोडविला नाहीं तर धनकोच्या स्वामित्वांत जातो, असा स्मृतीचा आशय आहे. आपल्याकडील दामदुपटीचा नियम याच कुळांतील आहे.

आतां हिशेब करून पाहूं. तारण असलेल्या कर्जास स्मृतीनें दरमहा ऐंशीवा भाग व्याज सांगितलें आहे. या दरानें मूळ धन ऐंशीं महिन्यांत, म्हणजे सहा वर्षें आठ महिन्यांत दुप्पट होतें. मार्च १७७५ पासून ऐंशीं महिने मोजले म्हणजे नोव्हेंबर १७८१ येतो. सालबाईचा तह ता. १७ मे १७८२ चा आहे. म्हणजे दादासाहेब व कंपनी यांच्यांत स्मृतीप्रमाणें निवाडा करावयाचा झाला असता तर सालबाईपूर्वीं अर्धें वर्ष जवाहीर कंपनीचें झालें, असें एखादा पंडित म्हणूं शकला असता.

परंतु या युक्तिवादांत दोन दोष आहेत. पहिला असा कीं, हें तारण एखाद्या ठराविक कर्जाचें नव्हतें. पुढें होणाऱ्या खर्चाच्या हमीचें होतें. व्याज कशावर धरावयाचें हेंच ठरलेलें नाहीं. दुसरा दोष अधिक मोठा आहे. आधि ठेवणारा त्या वस्तूचा स्वामी असला पाहिजे. अस्वामिविक्रय या व्यवहारपदाखालीं मिताक्षराकारांनीं स्पष्ट केलें आहे कीं, विक्रय हा शब्द तेथें दान व आधि यांचेंही उपलक्षण आहे. मालक नसलेल्यानें वस्तु विकली, दिली किंवा गहाण ठेविली, तरी खऱ्या मालकास ती जेथें सांपडेल तेथून घेण्याचा अधिकार राहतो. म्हणून ऐंशीं महिन्यांचा हिशेब पुढें रेटण्यापूर्वीं दादासाहेब या जवाहिराचे स्वामी होते काय, हें पाहिलें पाहिजे.

५. चार दावेदार

या जवाहिरावर चौघांचा हक्क सांगतां येतो, आणि प्रत्येकाच्या बाजूस कांहीं ना कांहीं बळ आहे.

पहिला हक्क खुद्द दादासाहेबांचा. ते पहिल्या बाजीरावाचे पुत्र. उत्तरेकडील स्वाऱ्यांत त्यांनीं स्वतः पराक्रम केला. खंडण्या, नजराणे आणि बक्षिसें त्यांच्या हातीं आलीं. यांतील कांहीं भाग त्यांचा स्वार्जित म्हणतां येईल. तथापि पेशव्याच्या घरांतील पुरुषानें दौलतीची फौज घेऊन मिळविलेलें धन स्वार्जित कसें, हा आक्षेप लागलीच येतो. पित्याच्या द्रव्याचा खर्च होऊन जें मिळतें तें विभागार्ह असतें हा दायविभागांतील सामान्य नियम आहे. दौलतीच्या द्रव्याचा खर्च होऊन मिळालेल्याविषयीं तर संशयच नको.

दुसरा हक्क आनंदीबाईंचा. दागिन्यांत स्त्रियांचे अलंकार असल्यास ते स्त्रीधन होय. दुर्भिक्ष, धर्मकार्य, व्याधि किंवा कैद अशा प्रसंगीं नवऱ्यानें स्त्रीधन घेतलें तर तें परत देण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं, असें स्मृति सांगते. गेलेली गादी परत मिळविण्यासाठीं परक्याची फौज भाड्यानें घेणें हा प्रसंग त्या यादींत बसत नाहीं.

तिसरा हक्क पुण्याच्या गादीचा, म्हणजे त्या वेळच्या बाल पेशव्याचा व त्याच्या वतीनें कारभार पाहणाऱ्या मंडळींचा. जवाहीरखाना व जामदारखाना हीं पेशव्यांच्या हुजूर कारभारांतील खातीं होतीं. त्यांचे जमाखर्च कारकून लिहीत. त्यांतून निघालेली वस्तु पदच्युत मनुष्याबरोबर गेली म्हणून ती त्याची होत नाहीं.

चौथा हक्क कोणाच्या लक्षांत सहसा येत नाहीं. पेशवा हा प्रधान. धनी सातारकर छत्रपति. दौलतीचें म्हणून जें जें आहे तें शेवटीं छत्रपतींचें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही गोष्ट कागदापुरती उरली होती हें खरें. पण स्वामित्वाचा वाद हा कागदाचाच वाद असतो. ज्या अर्थीं बाल सवाई माधवरावास वस्त्रें साताऱ्याहून आणावीं लागलीं, त्या अर्थीं कागद मेला नव्हता.

येथें मीमांसकांचा एक प्रसिद्ध विचार उपयोगी पडतो. विश्वजित् यागांत यजमानानें सर्वस्व दान करावयाचें असतें. मग सार्वभौम राजानें तो याग केला तर त्यानें पृथ्वीही द्यावी काय? जैमिनीच्या सहाव्या अध्यायांत याचें उत्तर नाहीं असें आहे. भूमि सर्वांस सारखी आहे. राजास तिचें रक्षण करण्याचा व त्याबद्दल कर घेण्याचा अधिकार आहे, दान करण्याचा नाहीं. आपल्या पश्चिम भागांत प्रमाण मानलेल्या व्यवहारमयूखांत नीलकंठभट्टांनीं हाच विचार स्वीकारला आहे.

हा विचार सुरतेच्या तहास लावून पाहिला म्हणजे मोठा चमत्कार दिसतो. मीमांसेप्रमाणें साष्टीचें दान मुळींच संभवत नव्हतें. जवाहिराचें दान, निदान तें स्वतःचें असल्यास, संभवत होतें. इतिहासांत झालें तें बरोबर उलट. देतां न येणारी भूमि कायमची गेली, आणि देतां येणारें जवाहीर अठ्ठावीस वर्षांनीं परत आलें.

६. तारण परत कसें आलें

मुंबईकरांनीं सुरतेचा तह केला खरा, पण १७७३ च्या पार्लमेंटच्या कायद्यानें त्यांस स्वतंत्रपणें युद्ध व तह करण्याची मुखत्यारी राहिली नव्हती. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनें हा तह अमान्य केला, आणि कर्नल अप्टन यास पाठवून ता. १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह केला. त्यांत पुणेंकरांनीं युद्धखर्चाबद्दल कंपनीस बारा लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें. साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली.

या बारा लक्षांच्या कलमाचा तारणाशीं काय संबंध, हें पाहण्यासारखें आहे. ज्या खर्चाच्या हमीसाठीं जवाहीर ठेविलें होतें, तोच खर्च देण्याचें आतां पुण्याच्या सरकारनें पत्करलें. कर्ज दुसऱ्यानें अंगावर घेतलें म्हणजे पहिल्या ऋणकोच्या तारणाचें कारण उरत नाहीं. तसेंच, तहच अमान्य ठरला तर त्याखालीं घेतलेलें तारण कोणत्या अधिकारानें ठेवावयाचें? साष्टीविषयीं कंपनीस असें म्हणतां आलें कीं आम्ही ती तहापूर्वीं तलवारीनें घेतली आहे. जवाहिराविषयीं तसें म्हणण्यास जागा नव्हती. तें सर्वस्वीं तहाच्याच बळावर आलें होतें. तरीही तें कंपनीकडे राहिलें.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवच्या ठरावांत साष्टी परत देण्याचें इंग्रजांनीं कबूल केलें व लागलीच नाकारलें. १७८० सालीं त्यांनीं कल्याण घेतलें, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गॉडर्डनें वसई घेतली. सालबाईच्या तहानें वसई परत आली. साष्टी आली नाहीं. दादांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली, आणि ता. ११ डिसेंबर १७८३ रोजीं कोपरगांव येथें त्यांचा अंत झाला. तारण सोडविण्याचा प्रसंग त्यांच्या हयातींत आलाच नाहीं.

पुढें १७९६ सालीं बाजीराव पेशवा झाला. १८०२ च्या ऑक्टोबरांत होळकरानें पुण्याजवळ त्याचा पराभव केला. तो कोंकणांतून वसईस इंग्रजांच्या आश्रयास आला आणि ३१ डिसेंबर रोजीं वसईचा तह केला. ता. १३ मे १८०३ रोजीं इंग्रजी फौजेच्या साह्यानें तो पुण्यास परत गादीवर बसला. याच वेळीं कंपनीनें त्याच्या बापाचें तें तारण जवाहीर मोबदला न घेतां त्यास परत दिलें, असें ग्रँट डफ याचें लिहिणें आहे.

या परताव्याचा अर्थ कसा करावयाचा? कंपनीच्या दृष्टीनें ही मेहेरबानी होती. मेहेरबानी म्हणावयाची तर वस्तु देणाऱ्याची असली पाहिजे. म्हणजे कंपनी स्वतःस मालक समजत होती. उलट तारण परत केलें म्हणावें, तर त्यांत मेहेरबानी कसली? दुसरा प्रश्न असा कीं, तें बाजीरावास कोणत्या नात्यानें दिलें? पुत्र म्हणून दिलें असेल तर बाजीराव एकटा पुत्र नव्हता. चिमाजीआपा हा सख्खा भाऊ होता. अमृतराव हा दत्तक होता. दत्तकानंतर औरस झाला तरी दत्तकास अंश राहतो, हें दत्तकप्रकरणांत प्रसिद्ध आहे. दायविभागाप्रमाणें तिघांत वांटणी व्हावयास हवी होती. ती न करतां सर्व जवाहीर एकट्या बाजीरावास मिळालें. यावरून कंपनीनें तें राघोबाच्या मुलास दिलें नाहीं, पेशव्यास दिलें, असेंच म्हणावें लागतें. म्हणजे तें गादीचें आहे, असा निर्णय कंपनीनें बोलून नव्हे पण करून दाखविला.

७. इ. स. १८१८ : गादीचें तें सर्व विजेत्याचें

या निर्णयाचें फळ पंधरा वर्षांनीं बाजीरावासच भोगावें लागलें. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, व ता. ३ जून १८१८ रोजीं तो माल्कमच्या स्वाधीन झाला. आठ लक्षांची नेमणूक घेऊन तो ब्रह्मावर्तास गेला. जें दौलतीचें म्हणून इंग्रजांच्या हातीं लागलें, तें युद्धांतील लूट ठरलें.

नाशिकचा हिरा म्हणून जगभर प्रसिद्ध असलेलें रत्न या लुटींतलें. तें मूळचें त्र्यंबकेश्वराचें, अशी परंपरा आहे. खरी असल्यास येथें पांचवा दावेदार उभा राहतो, तो म्हणजे देव. कारण देवस्व हें पेशव्याचेंही नव्हे आणि छत्रपतींचेंही नव्हे. लंडनास रंडेल व ब्रिज या जवाहिऱ्यांनीं तो हिरा सुमारें ३,००० पौंडांस घेतला. १८३७ सालीं तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर याजकडे सुमारें ७,२०० पौंडांस गेला. आणि विसाव्या शतकांत न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यानें तो पुन्हां कापून ४३.३८ कॅरटांचा केला. ज्या आकारावरून तो ओळखला जात होता तो आकारही आतां उरला नाहीं.

या लुटीची वांटणी कशी व्हावी, याविषयीं हिस्लॉपच्या दख्खनच्या फौजेंत व बंगालच्या मोठ्या फौजेंत इंग्लंडांत वर्षानुवर्षें वाद चालला. लूट प्रथम राजाची व मग त्याच्या कृपेनें शिपायांची, या तत्त्वावर तो चालला. द्रव्य ज्यांच्या घरचें त्यांचें नांव त्या वादांत पक्षकार म्हणून नव्हतें.

एका प्रकरणांत मात्र तें होतें. रायगडचा किल्लेदार नारोबा गोविंद औटी याचें मोठें द्रव्य पुण्याचा त्या वेळचा कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन यानें १८१८ च्या जुलैंत जप्त केलें. रायगड मे महिन्यांत खालीं झाला होता, पेशवा जूनमध्यें स्वाधीन झाला होता, पुण्यास कंपनीचा अंमल बसला होता. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं तें द्रव्य पेशव्याचें. उलट पक्षाचें असें कीं तें नारोबाचें खाजगी. नारोबाच्या मागें त्याच्या मिळकतीच्या व्यवस्थापकांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत फिर्याद केली, आणि ते जिंकले. सरकारनें विलायतेस अपील केलें. १८३० सालीं प्रिव्ही कौन्सिलनें मुंबईचा निकाल फिरविला. कारण असें दिलें कीं, जप्ती ऐन लढाईंत झाली नसली तरी युद्ध समाप्त झालें नव्हतें. म्हणून ती युद्धकृति होय, आणि युद्धकृतीची चौकशी करण्याचा दिवाणी न्यायालयास अधिकार नाहीं. एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद या नांवानें हा निकाल कायद्याच्या ग्रंथांत आहे. द्रव्य कोणाचें, हा मूळ प्रश्न येथें सुटला नाहीं. तो विचारण्याचा दरवाजा बंद झाला.

८. तंजावर आणि करवी

हा बंद दरवाजा पुढें दोनदां मराठी घराण्यांच्या तोंडावर लागला. १८५५ सालीं तंजावरचे शिवाजीराजे भोंसले निपुत्रिक वारले, तेव्हां कंपनीनें राज्याबरोबर वाड्यांतील खाजगी मिळकतही ताब्यांत घेतली. राणी कामाक्षीबाई यांनीं मद्रासेस फिर्याद करून हुकूमनामा मिळविला. १८५९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तोही रद्द केला. ही राजसत्तेची कृति आहे, न्यायान्याय कसाही असो, न्यायालयाचा त्यांत इलाज नाहीं, असें ठरलें. येथें युद्धही नव्हतें. पुढें १८६२ सालीं सरकारनें खाजगी मिळकत राण्यांस परत दिली. पुन्हां एकदां हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

करवीची हकीकत तर राघोबादादांच्याच वंशाची आहे. अमृतराव १८०३ सालीं सात लक्षांची नेमणूक घेऊन उत्तरेस गेला. त्याच्या घराण्यांतील नारायणराव व अल्पवयी माधवराव हे १८५८ सालीं करवी येथें होते. त्या वर्षाच्या जूनमध्यें जनरल व्हिटलॉक यानें करवी घेतली, आणि वाड्यांतील प्रचंड द्रव्य व जवाहीर लूट ठरलें. १८६६ सालीं लंडनच्या अॅडमिरल्टी न्यायालयांत डॉक्टर लशिंग्टन यापुढें त्याचा निवाडा झाला; तो व्हिटलॉकच्या फौजेच्या बाजूनें झाला. कोणत्या पलटणीस किती, याचा खल त्यांत अत्यंत बारकाईनें केलेला आहे. ज्या मुलाच्या घरांतून तें निघालें त्याचा हक्क काय, याचा खल करण्याचें त्या न्यायासनास कारणच नव्हतें.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून मला जें दिसतें तें थोडक्यांत असें. सुरतेस ठेविलेल्या जवाहिरांत दादासाहेबांचा व आनंदीबाईंचा खाजगी अंश असणें शक्य आहे. पण ज्या संपत्तीच्या जोरावर पेशवाईचा पदच्युत उमेदवार फौज मागतो ती संपत्ति मुख्यतः दौलतीचीच असली पाहिजे. मार्च १७७५ मध्यें दौलतीचा पेशवा पुरंदरावर होता. म्हणून तें तारण अस्वामिकृत होय, आणि तें पुण्याच्या गादीस परत जाणें हाच न्याय. १८०३ सालीं तें गादीकडे गेलें. फळ बरोबर आलें, कारण चुकीचें दिलें. कंपनीनें त्यास देणगीचें रूप दिल्यामुळें हक्काचा उच्चार झाला नाहीं. हक्काचा उच्चार न होतां मिळालेली वस्तु पुन्हां जातांना तक्रारीस जागा ठेवीत नाहीं, हें १८१८ नें दाखविलें.

दोष एकट्या कंपनीचा नव्हे. आपल्या राज्यकर्त्यांनीं दौलत आणि घर यांची तिजोरी वेगळी ठेविली असती, व वेगळी आहे असें वेळींच लिहून ठेविलें असतें, तर तंजावरच्या राणीस आणि करवीच्या मुलास निदान पुराव्याचा आधार मिळता. आज परदेशांतील रत्नें परत मागावीं अशी मागणी वारंवार ऐकूं येते. मागणीमागील भावना योग्य आहे. परंतु परत कोणास द्यावयाचें, वंशजांस, देवस्थानास, कीं लोकांस, याचें उत्तर पुराव्यानें तयार नसेल तर तिचें मोल वर्तमानपत्राच्या मथळ्यापेक्षां अधिक होणार नाहीं.

हा पुरावा मोठ्या दफ्तरांतच आहे असें नाहीं. ठाणें, कल्याण, भिवंडी, पनवेल येथील जुन्या सावकारांच्या, सुभ्याच्या कारकुनांच्या आणि जोशी-कुळकर्ण्यांच्या घरांतून अद्याप रुमाल निघतात. त्यांत दागिन्यांची याद, तारणाची चिठी किंवा गहाणाचा फडशा आढळल्यास संग्राहकांनीं ती एकटी उचलून घेऊं नये. ज्या रुमालांत निघाली त्यांतच ठेवावी. शेजारच्या जमाखर्चावरून ती कोणत्या खात्याची हें कळतें, आणि खातें कळलें म्हणजे मालक कळतो. रुमालापासून तुटलेली याद ही कापलेल्या नाशिकच्या हिऱ्यासारखी होय. तिची किंमत येते, ओळख जाते.